गुरुवारच्या गटाचे दोन नियम

मंगळवार पेठेत उन्मेष म्हेत्रे यांच्या घरी दर गुरुवारी पाच वाजता प्रार्थनेचा जो गट जमत असे, त्याला दोन नियम होते, आणि दोन्ही म्हेत्रे यांनीच घातलेले होते. पहिला असा की, येथे जे बोलले जाईल ते उंबऱ्याबाहेर जाणार नाही. दुसरा असा की, येथे कोणी मोघम बोलणार नाही. माणसापुढे नाही आणि देवापुढे तर नाहीच. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, जरा अडचण आहे,’ असे कोणी म्हटले की म्हेत्रे चष्म्यावरून पाहत आणि विचारीत, “कसली अडचण? किती दिवसांची? तीत तुमचा दोष किती?” भूमी अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षे जमिनी मोजण्यात घालवलेल्या माणसाला ‘जरा’ हे माप मान्य नसणे स्वाभाविक होते.

दोन्ही नियम चांगले होते. सहा वर्षांत त्यांतला एकही मोडण्याचा प्रसंग आला नव्हता. म्हणूनच ते एकमेकांना कोठे छेदतात, हे पाहून ठेवण्याची गरजही कोणाला भासली नव्हती. ती जागा मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सापडली.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत पाच जण बसले होते. खुर्चीवर म्हेत्रे, सतरंजीवर त्यांच्या डाव्या हाताला त्यांच्या पत्नी संयोगिता, त्यांच्या शेजारी शिवणकाम करणारी मोना, मग रिक्षा चालवणारा बाळासो आणि सर्वांत शेवटी, उघड्या दाराकडे तोंड करून, सयाजी. हा सयाजी उचगावला राहत असे आणि तिथल्याच एका फाउंड्रीत साचे बनवण्याचे काम करीत असे. गीत झाले, शास्त्रपाठ झाला, आणि बोलण्याची पाळी फिरत फिरत त्याच्यापाशी आली.

“रविवारी मी प्यालो,” सयाजी म्हणाला.

हे वाक्य त्याने सतरंजीच्या एका पट्ट्याकडे पाहून उच्चारले आणि तो थांबला.

“कुठं?” बाळासोने विचारले.

“कारखान्यातल्या एकाची वास्तुशांत हुती. जेवण झाल्यावर पोरं गच्चीवर बसल्याली. मी नुसता पान खायला वर गेलतो.”

“किती?” म्हेत्रे यांनी विचारले.

“दोन गिलास.”

“भरलेले?”

“अहो,” संयोगिता म्हणाल्या.

“भरल्यालं,” सयाजी म्हणाला. “तिसरा हातात घेटल्याला. तो खाली ठेवला आन् जिना उतरलो. का उतरलो ते ठावं न्हाई.”

“आज गुरुवार आहे. चार दिवस झाले.”

“चार दिवस तोंड उघडंना, सर.”

बाळासोने मांडीवर हात आपटला. “मला फोन करायचा की, मर्दा. माझी रिक्षा काय शोभेला हाय व्हय?”

बाळासोचे हे बोलणे रागाचे नव्हते, दुखावल्याचे होते, आणि त्याला कारण होते. दहा महिने प्रत्येक पगाराच्या दिवशी तो आपली भाडी सोडून फाउंड्रीच्या फाटकाशी उभा राहत असे आणि सयाजीला नेहमीच्या गुत्त्याचा रस्ता टाळून, दीड मैलांचा वळसा घेऊन, घराच्या दारात सोडत असे. संयोगिता सयाजीला रविवारी जेवायला बोलावीत. नेमक्या त्याच रविवारी त्या माहेरी गेल्या होत्या. मोनाने त्याच्या मुलीसाठी, तिची मापे कोणाला ठाऊक नसताना, अंदाजाने दोन फ्रॉक शिवून ठेवले होते.

ती मुलगी, सई, सहा वर्षांची होती आणि दहा महिन्यांपासून राधानगरीकडच्या गावी आजोळी राहत होती. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सयाजीची बायको वर्षाराणी तिला घेऊन माहेरी गेली, ती परतली नव्हती. तिचे वडील आकाराम हे चार म्हशी आणि दीड एकर भात राखणारे शेतकरी. लेकीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केले, तेव्हा त्यांनी वर्षभर अबोला धरला होता. पुढे नातीच्या पायगुणाने तो सुटला. लेक परत आल्यावर त्यांनी जावयाला एकच अट सांगितली होती. पुढच्या मे महिन्यापर्यंत दारूचा थेंब नको, आणि तसे म्हेत्रे सरांनी आपल्या तोंडाने सांगायला हवे. जावयाची शपथ त्यांना नको होती. पाळकसाहेबांची चिठ्ठीही नको होती.

म्हेत्रेच का, याचा उलगडा जुना होता. वीस वर्षांपूर्वी आकाराम आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात बांधावरून वाद झाला, तेव्हा मोजणीला म्हेत्रे आले होते. अर्ज आकारामांचा, फी आकारामांची, आणि मोजणी निघाली ती आकारामांच्याच विरुद्ध, चार फुटांनी. म्हेत्रे यांनी खुणा रोवल्या, नकाशावर सही केली आणि चहा न घेता निघून गेले. चार फूट जमीन गमावलेला माणूस त्या दिवसापासून म्हेत्रे यांचा शब्द सरकारी शिक्क्यापेक्षा मोठा मानीत असे.

आणि आज सहा वाजता आकाराम लेकीला घेऊन तो शब्द ऐकायला येणार होते. शब्द मिळाला तर वर्षाराणी येथेच राहणार, उद्या सई येणार, आणि शनिवारी तिचे नाव शहरातल्या शाळेत पहिलीत घातले जाणार. प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. शब्द मिळाला नाही, तर तिचे नाव गावच्या शाळेत. आणि गावच्या शाळेत नाव गेले म्हणजे नुसती शाळा बदलत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते.

“सर, तुम्ही काही सांगू नका,” मोना म्हणाली. “इथलं इथंच. नियम तुमचाच आहे.”

“मी सांगणार नाही,” म्हेत्रे म्हणाले. “पण त्यांनी विचारलं, तर ‘पीत नाही’ असंही मी म्हणणार नाही.”

“मग काय म्हणशिला?” बाळासोने विचारले.

“उत्तर देणार नाही.”

“सर, तुमच्यासारखा माणूस गप बसला म्हंजे गावात दवंडी पिटल्यागतच की. त्यापरीस सांगूनच टाका.”

“दहा महिन्यांतली एक दुपार,” संयोगिता म्हणाल्या. “तीही यानं अर्ध्यात सोडली. तीनशे दिवस माणूस सरळ चालला, त्याची काही किंमत नाही? आधी वर्षाला घरी येऊ दे. मग हा तिला निवांत सांगेल. नवराबायकोत सांगायच्या गोष्टी सभेत कशाला?”

“तुम्ही म्हणता ती दया आहे,” म्हेत्रे म्हणाले. “आपण इथं एकमेकांच्या उन्नतीसाठी बसतो. भिंत उभारायची तर गवंडी ओळंबा सोडतो. भिंतीला वाईट वाटेल म्हणून तो ओळंबा खिशात ठेवत नाही.”

“ओळंब्यानं भिंत सरळ आहे का ते कळतं. विटा धरून ठेवायला मालच लागतो.”

“आणि माल ओला असताना भिंत ओळंब्यात नसेल, तर ती वाळल्यावर कोण सरळ करणार?”

नवराबायकोतला हा वाद सहा वर्षांचा होता आणि तो त्या दिवशीही मिटला नसता. पण घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. म्हेत्रे यांनी तोड सुचवली ती अशी. राधानगरीची एस. टी. सहाच्या सुमारास येते. सयाजीने आताच निघावे, चौकात उभे राहावे, बायको आणि सासरे रिक्षातून उतरले की तेथेच त्यांना गाठावे आणि आपल्या तोंडाने रविवार सांगावा. मग ते येथे येवोत अथवा न येवोत. आले, तर म्हेत्रे यांना लपवण्यासारखे काही उरणार नाही.

“सांगशील?” त्यांनी विचारले.

“सांगतो.”

सयाजीने हे म्हटले तेव्हा त्याच्या मनात दुसरेच काही तयार झाले होते. चौकात जायचे, सासऱ्यांच्या पाया पडायचे आणि म्हणायचे की सरांना सकाळपासून ताप आहे, ते कोणाला भेटत नाहीत, पण तुम्हांला सांगा म्हणाले आहेत की माणूस चांगला राहिला. मग तसेच उचगावला न्यायचे. शनिवारी शाळा. पुढचे पुढे. नुकतेच खरे बोलून मोकळ्या झालेल्या माणसाला लगेच खोटे कसे सुचते, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी आपले नशीब थोर समजावे. एकदा खरे बोललो की पुढच्या खोट्याची मुभा मिळाली, असे दुबळ्या मनाला वाटते.

तो उठू लागला. म्हेत्रे म्हणाले, “फेरी होऊ दे. मग जा.”

फेरी म्हणजे समाप्तीची प्रार्थना. म्हेत्रे डावीकडून सुरुवात करीत आणि प्रत्येकाने त्या दिवशी जे सांगितले असेल ते, त्याचे नाव घेऊन, जसेच्या तसे देवापुढे मांडीत. सर्वांचे डोळे मिटलेले असत. ‘आमेन’ होईपर्यंत कोणी उठत नसे, खोकला आला तरी दाबला जाई. सयाजी खाली बसला. सर्वांनी माना लववल्या.

“हे प्रभो,” म्हेत्रे यांनी आरंभ केला, “संयोगिताच्या मनात तिच्या धाकट्या जावेविषयी अकरा वर्षांची अढी आहे. ती कमी झाली आहे, असे ती म्हणते. मला तसे दिसत नाही. तू पाहा.”

सयाजीने डोळे मिटले होते, पण त्याचे लक्ष बाहेरच्या रस्त्यावर होते. म्हणून अंगणाच्या फाटकाशी चपला काढल्याचा आवाज त्याला ऐकू आला. त्याने डोळे उघडले.

दारात आकाराम उभे होते. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती. त्यांच्या मागून वर्षाराणी पुढे आली आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबली. गावच्या दूध संस्थेचा टँकर दुपारी शहराकडे निघाला होता, त्यात त्यांना जागा मिळाली होती. ते वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचले होते.

खोलीत प्रार्थना चालली आहे हे पाहून वर्षाराणीने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले. दोन वर्षे ती या सतरंजीवर बसली होती. फेरी कशी चालते, हे तिला पक्के ठाऊक होते. आकारामांना ते ठाऊक नव्हते. देवाचे काही चालले असताना बोलू नये एवढे त्यांना कळत होते, म्हणून ते गप्प उभे राहिले. पण डोळे मिटण्याची रीत त्यांच्याकडची नव्हती. ते जावयाकडे पाहत राहिले.

“मोनाने सोमवारी आपल्या आईला, ‘तुझ्यामुळे माझे आयुष्य वाया गेले,’ असे म्हटले,” म्हेत्रे सांगत होते. “हे वाक्य खोटे आहे, हे तिला ठाऊक आहे. तिने अद्याप ते परत घेतलेले नाही.”

सयाजीला उठायचे होते. त्याच्या आणि दाराच्या मध्ये चार पावले होती. उठून, त्या दोघांना खुणेने बाहेर नेता आले असते. पण फेरी चालू असताना सहा वर्षांत कोणी उठले नव्हते, आणि तो उठला तर का उठला, याचे उत्तर उठण्यातच मिळाले असते. मोठ्याने ‘आमेन’ म्हणून प्रार्थना तोडता आली असती. त्याने ओठ उघडलेही. समोर आकारामांची नजर होती. वीस वर्षांपूर्वी मोजणीच्या साखळीकडे त्यांनी असेच पाहिले असेल.

आणि वर्षाराणीच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या. तेव्हा सयाजीच्या ध्यानात आले की ती प्रार्थना करीत नाही. ती ऐकते आहे. म्हेत्रे सरांच्या फेरीत सयाजीचे नाव येणार, आणि त्या नावापुढे जे येईल ते तोळाभरही कमी-जास्त नसणार, हे तिला ठाऊक होते. ज्या शब्दासाठी ती आली होती तो तिला विचारण्याआधीच मिळणार होता.

“बाळासोने मंगळवारी स्टेशनसमोर एका प्रवाशाला त्याच्या आईवरून शिवी दिली. त्याचे म्हणणे, प्रवाशाने आधी दिली. तू दोन्ही ऐकल्या आहेस. पुढच्या वेळी त्याने निदान दुसरी देऊ नये, एवढे बळ त्याला दे.”

आकारामांनी भुवया वर केल्या. त्यांच्या नजरेत आश्चर्य होते, आणि त्यामागोमाग एक प्रकारचे समाधान. येथे माणसे लपवत नाहीत, हे त्यांना पटले असावे. त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. त्यांच्या पायाखालची उंबऱ्याजवळची फरशी सुटी होती. ती हलकेच वाजली.

“आणि सयाजी,” म्हेत्रे म्हणाले.

ते थांबले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. ती फरशी त्यांच्या घरची होती; ती कशाने वाजते आणि किती वजनाने वाजते, हे खोलीतल्या दुसऱ्या कोणाला नसले तरी त्यांना ठाऊक होते. सयाजीने पाहिले, त्यांच्या हाताची बोटे खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाली.

“हा सयाजी, प्रभो,” ते पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा थांबले. “तुला ठाऊक आहे. आमेन.”

सर्वांनी ‘आमेन’ म्हटले, पण उशिरा, आणि विखरून. मोनाने चमकून वर पाहिले. संयोगितांनी नवऱ्याकडे पाहिले आणि मग, त्यांच्या नजरेच्या रोखाने, दाराकडे.

वर्षाराणीने डोळे उघडले होते. ती सयाजीकडे पाहत नव्हती. ती म्हेत्रे यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीही वाचता येत नव्हते.

“सलाम, वर्षा. ये आत. या, आकारामराव,” ख्रिस्ती मंडळीच्या रीतीने सलाम करीत संयोगिता उठत म्हणाल्या. “लवकर आलात. पाणी देते.”

“पाणी घेतो की. आधी काम.” आकाराम आत येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसले. टोपी त्यांनी गुडघ्यावर ठेवली. “सर, वळख हाय न्हवं?”

“गट नंबर विसरलो. तुम्ही लक्षात आहात.”

“मीबी चार फूट इसरलो न्हाई.” ते किंचित हसले आणि ते हसू लगेच संपले. “मला घुमवून बोलाय येत न्हाई. तुमचा देव, आमचा देव, त्यो इषय येगळा. माणसाचा शब्द दोन्हीकडं सारखाच. दहा म्हयनं हे पावणं तुमच्या नजरेखाली हायती. लेक धाडायची का न्हाई ते तुमच्या तोंडावर हाय. ह्यो पितोय का?”

म्हेत्रे यांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. चष्मा पुन्हा घातला नाही.

“सयाजी दहा महिन्यांत एकही गुरुवार चुकला नाही,” ते म्हणाले.

“बरं.”

“पगाराच्या दिवशी तो सरळ घरी जातो. बाळासो साक्षी आहे.”

“व्हय की,” बाळासो घाईने म्हणाला. “सरळ घरी. मीच सोडतो.”

“त्याच्या कामात खाडा नाही. कोणाशी तंटा नाही.”

“सर,” आकाराम म्हणाले, “तुम्ही बांधाच्या कडंकडंनं चालतायसा. खूण कुठं रोवायची ते सांगा. पितोय का न्हाई?”

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या संयोगिता स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. म्हेत्रे यांचा चेहरा चष्म्याशिवाय सयाजीने कधी पाहिला नव्हता. तो अपेक्षेहून म्हातारा होता. ओठ एकदा मिटले, एकदा उघडले. हा माणूस उत्तर न देण्याचा निश्चय करून बसला आहे, असे सयाजी समजत होता. आता त्याच्या ध्यानात आले की तसे नाही. ज्याने अर्जदाराच्या घरचा चहा नाकारला, बायकोच्या मनातली अढी देवापुढे मांडताना जो कचरला नाही, तो सयाजीसाठी आत्ताच एक मोघम प्रार्थना करून बसला होता, आणि तिच्यापुढची पायरी चढायला निघाला होता.

“सांगतो,” म्हेत्रे म्हणाले. “आकारामराव, सयाजी…”

“अहो,” संयोगिता म्हणाल्या. त्यांच्या आवाजात वादाचा लवलेश नव्हता. आपण घटकाभरापूर्वी ज्याच्यासाठी भांडलो ते आता घडते आहे, आणि आपल्याला ते नको आहे, एवढेच त्या एका शब्दात होते.

चौकात सांगायचे ठरवलेले तापाचे खोटे सयाजीला सोपे वाटले होते, कारण ते त्याचे एकट्याचे होते. हे दुसऱ्याच्या तोंडून निघणार होते, आणि निघाल्यावर त्या माणसाजवळ काही उरणार नव्हते.

“मामा, मी प्यालो,” सयाजी म्हणाला. “रविवारी. दोन गिलास. त्याआधी दहा म्हयनं थेंब न्हाई. सरांनी मला तुमास्नी चौकात गाठून सांग म्हटल्यालं. मी तिथंबी खोटंच सांगणार हुतो.”

म्हेत्रे यांनी डोळे मिटून घेतले.

आकारामांनी टोपी उचलली, तिची घडी झटकली आणि डोक्यावर चढवली.

“झालं,” ते म्हणाले. “मिळालं उत्तर. चल, वर्षे.”

“बाबा, थांबा.”

वर्षाराणी अजून उभीच होती. तिने नवऱ्याकडे प्रथमच पाहिले.

“मला मघाच कळलं हुतं,” ती म्हणाली. “सर ‘तुला ठाऊक आहे’ म्हणालं तवाच. सरांनी कुणासाठी अशी अर्ध्यात प्रार्थना केल्याली मी दोन वर्सांत ऐकली न्हाई.”

“मग गप का बसलीस?” आकारामांनी विचारले.

“कोण बोलतंय ते बघाय.” तिचा आवाज स्थिर होता, हात मात्र पदराच्या टोकाला पीळ देत होते. “सर खोटं बोललं असतं आन् हे खाली मान घालून बसलं असतं, तर मी ह्या दारात परत कवाच आले नसते. ह्यांनी आजवर धा वेळा कबूल केलंय, बाबा. पर धाई वेळा म्या वास घेटल्यावर.”

“म्हंजे तू हितं ऱ्हाणार?”

सयाजीने श्वास रोखला होता. तिने ते पाहिले असावे, कारण तिने घाई केली. एखादे दुखणे लांबवू नये म्हणून परिचारिका करते तशी.

“न्हाई. सईचं नाव आपल्या गावच्या शाळंत घाला. ह्या वर्साला ती तिथंच ऱ्हाईल.”

बाळासो पुढे सरसावला. “वयनी, अवं एक दुपार…”

“बाळासो, तुम्ही भलं माणूस हाय,” ती म्हणाली. “पर दुपार तुमी मोजताय. माझ्या लेकीला ह्यांची वाट बघत दारात बसायची सवय लागल्याली. ती सुटाय सा म्हयनं गेलं. शाळा म्हंजे काय नुसतं दप्तर हाय?”

सयाजीने दोन्ही तळहात सतरंजीवर टेकले होते, जणू जमीन हलत होती.

“मग निघूया,” आकाराम म्हणाले. आवाज पूर्वीपेक्षा मऊ होता. “साडेसातची गाडी हाय.”

“सा वाजायच्यात आत्ता. मला बोलायचं हाय.”

असे म्हणून वर्षाराणी पुढे आली आणि सतरंजीवर, मोना आणि बाळासो यांच्या मधोमध, बसली. मोनाने सरकून जागा केली. म्हेत्रे यांनी चष्मा घातला.

“गट झाला आहे, वर्षा,” ते म्हणाले. “आमेन झालं.”

“माझं ऱ्हायलंय की. ज्याचं ऱ्हायलं त्याला बोलाय द्यायचं, मधी कुणी तोंड घालायचं न्हाई, असं हुतं न्हवं हितं?”

“आहे.”

“आन् मोघम बोलायचं न्हाई.”

“हो,” म्हेत्रे म्हणाले. “तोही नियम आहे. मी आज मोडला. दोन्ही सांभाळायचे कसे, मला कळलं नाही.”

सहा वर्षांत त्यांनी ‘कळलं नाही’ हे शब्द त्या खोलीत उच्चारल्याचे कोणाला आठवत नव्हते. संयोगितांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या आपल्या जागी येऊन बसल्या. आकाराम दाराजवळच्या खुर्चीवर, टोपी डोक्यावर तशीच ठेवून, रस्त्याकडे पाहत राहिले.

“नागपंचमीचा दिवस,” वर्षाराणीने सुरुवात केली. “सईला ताप हुता. एकशे तीन. मी घड्या ठेवत हुते. हे साडेचारला औषध आणाय म्हणून भाईर पडलं. मी आजपातूर कुणालाच सांगितलं न्हाई. बाबांस्नीबी न्हाई. भांडाण झालं म्हणून आले, एवढंच म्हटल्यालं.”

आकारामांची मान दारातून आत वळली.

“सईनं सातला इचारलं, बाबा कुठं हाय. आठला इचारलं. मग इचारायचं बंद केलं.” ती थांबली आणि तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिले. “पुढचं तुमी सांगा. परत कवा आला?”

सगळे सयाजीकडे पाहत होते. त्याच्या वतीने कोणी बोलू शकला असता, तर तो बाळासो. पण बाळासोला हे ठाऊक नव्हते. म्हेत्रे यांना ठाऊक नव्हते. दहा महिने त्याने या खोलीत पुष्कळ सांगितले होते, आणि हे सांगितले नव्हते.

“दुसऱ्या दिवशी,” सयाजी म्हणाला. “सकाळी नऊला.”

“आन् औषध?”

“न्हवतं आणलं.”

किती पैसे होते, कोठे गेला होता, कोणाबरोबर, असे म्हेत्रे यांनी विचारले नाही. आकाराम उठले, दाराजवळची खुर्ची त्यांनी हाताने उचलली, सतरंजीच्या कडेला आणून ठेवली आणि तिच्यावर बसले.

“पुढं सांग,” ते लेकीला म्हणाले.